टॉवेलरूटच्या त्या एका बटणामागे काय होतं

२०१४ च्या जूनमध्ये ज्याच्याकडे अँड्रॉइड फोन होता आणि त्यात नसते उद्योग करायची हौस होती त्याने टॉवेलरूटचं नाव ऐकलं नसेल असं होणं अवघड आहे. एक पान, त्यावर ग्रीक लॅम्डा, त्यावर टॅप केलं की एपीके, म्हणजे अॅपची फाईल, उतरायची, उघडली की एक बटण, आणि ते दाबलं की फोन रूट, म्हणजे फोनवरचे सगळे अधिकार तुमच्या हातात. पीसीला केबल नको, बूटलोडर अनलॉक नको, फोनची वीट होईल की काय म्हणून देव पाण्यात ठेवायला नको. बनवणारा जॉर्ज हॉट्झ उर्फ जिओहॉट, तोच ज्याने २००७ मध्ये अगदी पोरवयात आयफोन कॅरियर लॉकमधून सोडवला होता. अमेरिकेत व्हेरायझन आणि एटी अँड टीचे गॅलेक्सी एस५ इतके घट्ट लॉक केलेले होते की वैतागलेल्या लोकांनी वर्गणी काढून साधारण १८ हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं, जो रूट करून दाखवेल त्याला. ते बक्षीस टॉवेलरूटमुळे सुटलं.

पण ज्या बगवर हे सगळं उभं होतं तो जिओहॉटने शोधलेला नव्हता. आणि तो सॅमसंगचाही नव्हता, अँड्रॉइडचाही नव्हता. तो थेट लिनक्स कर्नेलमधला, म्हणजे अँड्रॉइडच्या खाली चालणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्यातला, शोधणारा पिंकी पाय या टोपणनावाने वावरणारा रिसर्चर, जो २०१२ मध्ये गूगलच्या प्वनियम स्पर्धेत दोनदा क्रोम फोडून दोन्ही वेळा ६० हजार डॉलर घेऊन गेला होता. बगचा नोंदणी नंबर सीव्हीई-२०१४-३१५३. बग जाहीर झाला ५ जूनला, टॉवेलरूट आलं १५ जूनला. दहा दिवसांत एक्स्प्लॉइट, म्हणजे त्या बगचा फायदा उठवणारा कोड, तेही असं की कुणाच्याही हातात द्यावं.

माझं पोटापाण्याचं काम एम्बेडेड लिनक्सचं आहे, म्हणजे बोर्डावर कर्नेल उभा करायचा आणि मग कुठला थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एकेक धागा, कुणाची वाट बघत लटकलाय ते शोधत बसायचं, त्यामुळे हा बग माझ्या खास आवडीचा. बहुतेक ठिकाणी "फ्युटेक्समध्ये बग होता" एवढं एक वाक्य लिहून लोक पुढे एक्स्प्लॉइटकडे पळतात आणि खरी मजा तिथेच सुटते, कारण इथे ना अ‍ॅरेच्या बाहेर कुणी लिहिलंय, ना कुणी लांबी तपासायला विसरलंय, ना दोनदा फ्री केलंय. सगळा घोळ शेड्युलरच्या, म्हणजे प्रोसेसरवर कुणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, हिशेबात झाला आणि मेमरी त्यात फुकट मेली.

आधी फ्युटेक्स म्हणजे काय ते थोडक्यात. दोन थ्रेडना एकच डेटा वापरायचाय तर मध्ये लॉक लागतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक लॉकसाठी कर्नेलकडे जायला लागायचं, जे महाग पडतं, कारण बहुतेक वेळा लॉक मोकळाच असतो. २००२ च्या सुमारास रस्टी रसेल, ह्युबर्टस फ्रँके वगैरे मंडळींनी काढलेली युक्ती अशी की लॉक म्हणजे प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतला एक चार बाइटचा आकडा. शून्य असेल तर अ‍ॅटॉमिक इन्स्ट्रक्शनने आपला नंबर टाका आणि पुढे व्हा, कर्नेलला पत्ताही नाही. आधीच कुणाचा नंबर असेल तरच सिस्टिम कॉल करा, म्हणजे कर्नेलला हाक मारा, मग कर्नेल तुम्हाला झोपवेल आणि लॉक सुटला की उठवेल. भांडण झालं तरच पोलीस पाटील. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो आकडा यूजरच्या मेमरीत आहे, म्हणजे यूजर त्यात कधीही काहीही लिहू शकतो, कर्नेलला न विचारता.

आता दुसरा पदर प्रायॉरिटीचा. १९९७ मध्ये नासाचं मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच आपोआप रीसेट व्हायला लागलं. कारण असं निघालं की हवामानाचा डेटा गोळा करणाऱ्या कमी प्रायॉरिटीच्या टास्कने एक म्युटेक्स, म्हणजे लॉकच, धरून ठेवलेला, डेटा बस सांभाळणारा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क त्याची वाट बघत बसलेला, आणि मधल्या प्रायॉरिटीचे टास्क येऊन खालच्याला चालूच देत नव्हते. म्हणजे सर्वात महत्त्वाचा टास्क मधल्यांमुळे अडला. त्याने वेळेत काम संपवलं नाही हे दिसलं की सिस्टिम रीसेट. यावरचा उपाय माहितीचा होता, प्रायॉरिटी इन्हेरिटन्स, जो लॉक धरून बसलाय त्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देऊन टाकायची म्हणजे तो पटकन काम उरकून लॉक सोडेल. पाथफाइंडरवरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय होती, त्या म्युटेक्सवर बंद होती, पृथ्वीवरून चालू केली आणि रीसेट थांबले. आजही रिअल टाइम शिकवणारा प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो, मीही सांगतो, सुटका नाही.

लिनक्समध्ये हेच फ्युटेक्ससाठी २००६ मध्ये आलं, २.६.१८ मध्ये, इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांचं काम. पीआय फ्युटेक्स. या पीआयवाल्या, म्हणजे प्रायॉरिटी इन्हेरिटन्सच्या, फ्युटेक्सच्या पोटात कर्नेलचा आरटी (रिअल टाइम) म्युटेक्स असतो आणि तो सरळ शेड्युलरमध्ये हात घालून टास्कची प्रायॉरिटी वरखाली करतो. आता कुणाला किती प्रायॉरिटी द्यायची हे कळायला वाट बघणाऱ्यांची यादी हवी, आणि तीही प्रायॉरिटीने लावलेली. या यादीतली एकेक नोंद म्हणजे एक छोटं स्ट्रक्चर, त्याला कोडमध्ये वेटर म्हणतात. कोण टास्क वाट बघतोय, कुठल्या लॉकसाठी, किती प्रायॉरिटी, आणि यादीत पुढचा-मागचा कोण त्याचे पॉइंटर, म्हणजे पत्ते.

ही नोंद राहते कुठे? तर झोपलेल्या थ्रेडच्या स्वतःच्या कर्नेल स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनचा तात्पुरता हिशेब राहतो त्या जागेवर. लोकल व्हेरिएबल म्हणून. पहिल्यांदा वाचलं की कसंसंच होतं, स्टॅकवरच्या गोष्टीचा पत्ता जगाला वाटत फिरायचं नाही हे आपल्याला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं. पण विचार केला तर पटतं. थ्रेड झोपलाय म्हणजे त्याचं फंक्शन परत आलेलं नाही, म्हणजे स्टॅक जागच्या जागी आहे. वेगळी मेमरी मागायला नको, मेमरी मिळाली नाही तर काय ही चिंता नको, सोडायचं विसरायला नको. कर्नेलमध्ये वेट क्यूपासून सगळीकडे हाच प्रकार चालतो. अट एकच, फंक्शन परत जायच्या आत ती नोंद यादीतून निघालीच पाहिजे.

तिसरा पदर रिक्यूचा, आणि हा जरा कंटाळवाणा आहे पण इथेच चोर लपलाय. कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे एखादी गोष्ट घडायची वाट बघत, पन्नास थ्रेड झोपलेत आणि कुणीतरी ब्रॉडकास्ट केला तर पन्नासही उठतात, एकाला लॉक मिळतो, उरलेले एकोणपन्नास परत झोपतात. निव्वळ गोंधळ. त्यापेक्षा त्यांना न उठवता एका फ्युटेक्सच्या रांगेतून उचलून दुसऱ्याच्या रांगेत लावायचं, याला रिक्यू म्हणतात. पीआयवालं रिक्यू २००९ मध्ये २.६.३१ ला आलं. नियम असा की पहिला फ्युटेक्स साधा आणि दुसरा पीआय, आणि अर्थातच दोन वेगळे. अर्थातच.

तर आता बघा. थ्रेड अ ने पीआय फ्युटेक्स धरला, त्याला 'लॉक' म्हणू. थ्रेड ब साध्या फ्युटेक्सवर झोपला, सांगून की मला नंतर 'लॉक'च्या रांगेत लाव. अ ने रिक्यू केलं. ब आता 'लॉक'च्या रांगेत, त्याची नोंद त्याच्या स्टॅकवर, यादीत रीतसर जोडलेली. इथपर्यंत सगळं कायदेशीर. आता अ 'लॉक'च्या त्या चार बाइटमध्ये हाताने शून्य लिहितो. सिस्टिम कॉल नाही, अनलॉक नाही, सरळ व्हेरिएबलला शून्य. यूजरची मेमरी आहे, कोण अडवणार. आणि मग परत रिक्यू मागतो, पण यावेळी 'लॉक'वरून 'लॉक'वरच. पहिला आणि दुसरा पत्ता एकच.

कर्नेल हे बघत नाही की दोन्ही एकच आहेत. तो बघतो की दुसऱ्या फ्युटेक्सचा आकडा शून्य आहे, म्हणजे लॉक मोकळा आहे, अरे वा, मग रांगेतल्या पहिल्याला उगाच कशाला झोपवून ठेवायचं, त्याला लॉक देऊन टाकू. तो ब ला लॉक देतो, उठवतो, आणि खूण म्हणून ब च्या वेटरचा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, करतो. ब जागा होतो, बघतो की पॉइंटर नल आहे. त्याच्या कोडमध्ये नलचा अर्थ असा धरलेला की मी आरटी म्युटेक्सच्या यादीत कधी गेलोच नाही, मधल्यामध्येच लॉक मिळाला, म्हणजे यादीतून नाव काढायचा प्रश्नच नाही. तो साफसफाई न करता खुशाल परत जातो. पण तो यादीत गेला होता ना! आधीच्या रिक्यूमध्ये. त्याची नोंद अजून तिथेच आहे, आणि ज्या स्टॅकवर ती होती तो भाग आता पुढच्या सिस्टिम कॉलला वापरायला मोकळा झाला.

सातबाऱ्यावर नाव जुन्याचंच आणि जमीन कसतोय तिसराच, फेरफार झालाच नाही, आणि तलाठी मात्र कागद बघून व्यवहार करतोय, असं हे झालं. पुढचा जो कुणी त्या जागेवर काही लिहील ते कर्नेल वेटरची नोंद म्हणून वाचणार.

इथून पुढचं काम जिओहॉटचं, आणि ते खरंच देखणं आहे. ब परत आला की लगेच दुसरा सिस्टिम कॉल करतो, सेंडएमएमएसजी, सॉकेटवर बरेच मेसेज एकदम पाठवायचा कॉल. हा कॉल यूजरने दिलेले काही पत्ते आणि लांब्या सोयीसाठी कर्नेल स्टॅकवर कॉपी करून घेतो, आणि ती कॉपी नेमकी जुन्या नोंदीच्या जागेवर येऊन बसते. समोरचा सॉकेट वाचतच नसल्यामुळे कॉल अडकून राहतो, म्हणजे लिहिलेलं निवांत तिथेच पडून राहतं. आता यादीतली ती नोंद पूर्णपणे यूजरने रचलेली, तिचा पुढचा पॉइंटर यूजरच्याच मेमरीतल्या बनावट नोंदीकडे जाणारा. त्या काळच्या त्या ३२ बिट एआरएम फोनमध्ये कर्नेलने यूजरच्या मेमरीत शिरू नये असं अडवणारं काही नव्हतं, त्यामुळे कर्नेल बिनधास्त तिकडे गेला.

मग शेड्युलरचाच उपयोग. आपल्या कुठल्याही थ्रेडची नाइस किंमत वाढवायला, म्हणजे प्रायॉरिटी कमी करायला, परवानगी लागत नाही. नाइसमध्ये १२० मिळवले की कर्नेलची आतली प्रायॉरिटी. बनावट नोंदी ठेवल्या १२९ आणि १३३ च्या, आणि नाइस ११ चा, म्हणजे १३१ चा, एक नवीन थ्रेड त्याच लॉकवर झोपायला पाठवला. यादी प्रायॉरिटीने लावायची असल्यामुळे कर्नेल त्याला बरोब्बर त्या दोघांच्या मध्ये बसवतो, आणि बसवताना शेजाऱ्याच्या पॉइंटरमध्ये नव्या नोंदीचा पत्ता लिहितो. शेजारी कुठे आहे? यूजरच्या मेमरीत. म्हणजे कर्नेलने स्वतःच्या हाताने आपल्या स्टॅकचा पत्ता आपल्याला आणून दिला. आपण फक्त वाचायचा. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वात जास्त आवडतो.

त्या फोनवर एका थ्रेडचा कर्नेल स्टॅक ८ केबीचा, आणि त्याच्या तळाशी थ्रेड इन्फो नावाचं स्ट्रक्चर. स्टॅकमधला कुठलाही पत्ता घ्या, खालचे १३ बिट शून्य करा, तळ सापडला. तिथे एक मर्यादा लिहिलेली असते, की या थ्रेडने सिस्टिम कॉलला दिलेला पत्ता इथपर्यंतच वैध, यापुढे कर्नेलचा इलाका. परत तीच यादीत घुसवायची युक्ती करायची, फक्त यावेळी बनावट नोंदीचा पॉइंटर या मर्यादेवर रोखायचा. लिहिली जाणारी किंमत आपल्या हातात नाही, ती पुन्हा कुठल्यातरी कर्नेल स्टॅकचाच पत्ता, पण तो पत्ता मोठा असतो, एवढंच पुरतं. मर्यादा वर सरकली की त्या थ्रेडला एका साध्या पाइपमधून कर्नेलची मेमरी वाचता-लिहिता येते. मग आपल्या प्रोसेसचे क्रेडेन्शियल, म्हणजे अधिकारांची नोंद, शोधायचे, यूआयडीच्या (यूजरच्या नंबराच्या) जागी रूटचं शून्य टाकायचं, झालं. बटण दाबल्यापासून इथपर्यंत काही सेकंद.

फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोनखाली कर्नेल व्हर्जनशेजारी बिल्डची तारीख दिसते, ती जूनच्या सुरुवातीच्या आधीची असेल तर टॉवेलरूट चालण्याची आशा होती, आणि लोक एकमेकांना विचारायचे तेही तेवढंच, तारीख काय. त्यांना आनंद, कारण कंपनीने आधीच भरलेलं ब्लोटवेअर उडवता यायचं. पण ज्या छिद्रातून तुम्ही आत गेलात त्यातून कुणीही येऊ शकतो. २०१६ मध्ये ब्लू कोट या सुरक्षा कंपनीच्या लोकांना असं रॅन्समवेअर सापडलं जे जाहिरातीतून आपोआप जुन्या अँड्रॉइडवर उतरायचं, आधी हॅकिंग टीम या इटालियन कंपनीतून लीक झालेला ब्राउझरचा एक्स्प्लॉइट आणि मग रूट मिळवायला टॉवेलरूट. फोन लॉक करायचं आणि सुटकेसाठी आयट्यून्सची गिफ्ट कार्डं मागायचं. यूजरला एक परवानगीचा डायलॉगसुद्धा दिसायचा नाही. दुरुस्ती येऊन दोन वर्षं झाली होती, पण आपल्याकडे ४.२ आणि ४.४ वरचे फोन तेव्हाही ढिगाने वापरात होते आणि त्यांना अपडेट येणार नाही हे दुकानदारालाही माहीत होतं.

कर्नेलवाले घाबरले होते ते मात्र सँडबॉक्समुळे, म्हणजे भरवशाचा नसलेला कोड कोंडून चालवायच्या पिंजऱ्यामुळे. क्रोमसारख्या सँडबॉक्समध्ये बहुतेक सिस्टिम कॉल बंद असतात, पण फ्युटेक्स बंद करून चालत नाही, थ्रेडचे लॉकच त्यावर चालतात. म्हणजे आत कोंडलेल्या कोडलाही हा दरवाजा उघडाच. कर्नेलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुकने बग जाहीर करताना तातडीचं कारण हेच दिलं होतं.

दुरुस्तीमध्ये थॉमस ग्लाइक्सनरचे चार पॅच आले. त्यातला या प्रकरणाचा मुख्य पॅच म्हणजे रिक्यू करताना दोन्ही पत्ते एकच असतील तर एरर देऊन परत पाठवा. एक इफ. त्याच्याच जोडीला दोन पत्त्यांमागची खरी फ्युटेक्स-की (कर्नेलची ओळखखूण) तपासायची, कारण एकच मेमरी दोन वेगळ्या पत्त्यांवर मॅप करून कुणी चकवू शकतो.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहायला बसलो ती. हाच इफ, शब्दशः हाच, २०१२ मध्ये शेजारच्या फंक्शनमध्ये टाकलेला होता. झोपायला जाणाऱ्या बाजूला. डेव्ह जोन्सचा ट्रिनिटी नावाचा फझर सिस्टिम कॉलना वेडेवाकडे आर्ग्युमेंट देत सुटायचा, त्याने दोन्ही पत्ते एकच दिले आणि कर्नेल गडबडला, मग डॅरेन हार्टने त्या बाजूला तपासणी घातली. उचलून दुसऱ्या रांगेत हलवणाऱ्या बाजूला घातली नाही. दोन वर्षं एक दार बंद आणि त्याला लागूनचं दार उघडं, आणि दोन्ही एकाच फाईलमध्ये. रिव्ह्यू करणारे कुणी ऐरेगैरे नव्हते, या विषयातली जगातली सर्वात जाणकार माणसं होती. मी त्यांना नावं ठेवायला जाणार नाही, फ्युटेक्सचा कोड ज्याने एकदा वाचलाय तोही ठेवणार नाही. पण फझरने सांगितलेला बग जिथे फुटला तिथेच बुजवायचा आणि तीच समजूत आणखी कुठे कुठे धरलीय ते बघायचं नाही, ही सवय मला रोजच्या कामातही दिसते, कामांची नोंद ठेवणाऱ्या जिराचं तिकीट बंद झालं की विषय संपला.

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर येतं, रस्टमध्ये लिहा, म्हणजे मेमरीच्या चुका कंपाइल करतानाच पकडणाऱ्या भाषेत. रस्ट कर्नेलमध्ये ६.१ पासून आहेच आणि ड्रायव्हरसाठी मला तो मनापासून हवाय. पण स्टॅकवरची नोंद दुसऱ्याच्या यादीत अडकवायची आणि ती यादी तिसऱ्याच सीपीयूवरचा टास्क हलवणार, हे रस्टमध्येही अनसेफ लिहूनच करावं लागतं, मेमरी कोण वापरतंय ते तपासणारा बॉरो चेकर तिथे हात जोडतो. माझ्या मते रस्टने इथे मदत केली असती ती वेगळ्या ठिकाणी. एका नल पॉइंटरला "यादीत कधी गेलोच नाही" आणि "यादीत होतो पण मला दुसऱ्याने उठवलं" असे दोन अर्थ चिकटले होते, आणि तिथे एनम, म्हणजे प्रत्येक अवस्थेला वेगळं नाव, लिहिणारा माणूस दुसऱ्या अर्थापाशी थबकला असता. २०२१ मध्ये याच भागात सीव्हीई-२०२१-३३४७ निघाला, पुन्हा पीआय फ्युटेक्स, पुन्हा मोकळा झालेला कर्नेल स्टॅक वापरला जाणं, कारण वेगळं, पेज फॉल्ट हाताळताना मालकीचा हिशेब चुकणं.

एक्स्प्लॉइटच्या बाकीच्या पायऱ्या एकेक करून तोडल्या गेल्यात. कर्नेलला यूजरच्या मेमरीत शिरू न देणारी सोय प्रोसेसरमध्ये आली, थ्रेड इन्फो स्टॅकच्या तळातून हलला, ती पत्त्याची मर्यादा बदलण्याची सोय तर ५.१८ मध्ये मुळातूनच काढून टाकली. आणि त्या नलचंही शेवटी झालं काहीतरी, तेही सीमध्येच आणि या बगसाठी नव्हे, तर रिअल टाइम पॅच मुख्य कर्नेलमध्ये आणताना. ५.१५ पासून रिक्यूत असलेल्या प्रत्येक वेटरसोबत त्याची अवस्था वेगळी लिहिलेली असते, सुरूच नाही, चालू आहे, झालं, लॉक मिळाला, अशी स्वतंत्र नावं देऊन. जागा झालेला थ्रेड पॉइंटर बघून अंदाज बांधत नाही, त्या अवस्थेवर स्विच करतो. कर्नेल फोल्डरमध्ये फ्युटेक्सच्या फोल्डरात रिक्यू नावाची सी फाईल आहे, ज्याला हौस आहे त्याने ती उघडून तो स्विच बघावा, माहितीच्या अवस्थांपैकी काहीच जुळलं नाही तर तिथे सरळ कर्नेलला जागीच अडवणारा बग मॅक्रो लावून ठेवलाय.